पायरेप : वरून आलेली खबर

पायरेप म्हणजे उडत्या विमानातील वैमानिकाने स्वतः अनुभवलेल्या हवामानाची जमिनीवर कळवलेली खबर. ढगांचा माथा कोणत्या उंचीवर संपतो, पंखांवर बर्फ धरते आहे का, हवा शांत आहे की विमान हादरते आहे, बाहेरचे तापमान किती, वारा कुठून आणि किती जोराचा, एवढाच तिचा मजकूर. उड्डाणापूर्वी वैमानिक जी हवामानविषयक माहिती वाचतो तिचा बराचसा भाग अंदाजांचा असतो. पायरेप अंदाज नसतो. त्या उंचीवर, त्या ढगात थोड्याच वेळापूर्वी जाऊन आलेल्या माणसाची ती साक्ष असते.

ही पद्धत सर्वांत जास्त रुळली आहे ती अमेरिकेत. तिथे एक किंवा दोन इंजिनांची खासगी विमाने मोठ्या संख्येने उडतात आणि त्यांच्या वैमानिकाला एअरलाइनसारखा हवामान विभाग पाठीशी नसतो. आपला मार्ग तो स्वतःच ठरवतो. त्याच्यासाठी राष्ट्रीय हवामान सेवेचे मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथील विमान हवामान केंद्र सगळी माहिती आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य आणि सर्वांना खुली ठेवते. पायरेपचा नकाशा हा त्यातलाच एक भाग. तो पाहायला परवाना लागत नाही, नावनोंदणीही लागत नाही.

उपग्रह आणि रडार असताना वैमानिकाच्या तोंडी खबरीची गरज का पडावी, हे समजून घेण्यासारखे आहे. विमानतळावरचा मेटार अहवाल साधारणपणे तासाला एकदा निघतो आणि त्या विमानतळाच्या आसपासचेच सांगतो. अमेरिकेतील स्वयंचलित केंद्रे जमिनीपासून १२,००० फुटांपर्यंतचे ढग मोजतात. ती खालून वर पाहत असल्यामुळे त्यांना ढगाचा तळ दिसतो, माथा दिसत नाही. उपग्रहाला सर्वांत वरचा थर दिसतो आणि त्याखालचे थर झाकले जातात. रडार पाऊस आणि गारा टिपते, पण निरभ्र आकाशातली खळबळ त्याला दिसत नाही आणि शून्याखालीही द्रवच राहिलेले ढगातले बारीक थेंबही बहुधा निसटतात. पंखांवर बर्फ धरते ते याच थेंबांमुळे. हवामानाचे फुगे वरच्या थरांतून जातात खरे, पण दिवसातून दोनदाच आणि एकमेकांपासून शेकडो किलोमीटर अंतरावरून. हादरे, बर्फ आणि ढगांचा माथा या वैमानिकाच्या जिवाशी निगडित तीन गोष्टी त्यामुळे बव्हंशी संगणकीय प्रारूपांच्या भरवशावर राहतात. ते प्रारूप आज, आत्ता बरोबर ठरते आहे की नाही, हे तिथून गेलेला वैमानिकच सांगू शकतो.

पायरेप ठरावीक साच्यात लिहिला जातो. नमुन्यादाखल एक पायरेप नागरी अक्षरांत असा मांडता येईल : यूए /ओव्ही डीईएन ०९००३० /टीएम १५२० /एफएल १२० /टीपी सी१८२ /एसके बीकेएन०८०-टॉप११० /टीए एम१० /टीबी एलजीटी /आयसी एलजीटी राइम ०९०-११०. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे अगम्य वाटते, पण प्रत्येक तिरप्या रेषेनंतर एक स्वतंत्र रकाना सुरू होतो एवढे कळले की उलगडा होतो. यूए म्हणजे नेहमीचा अहवाल. ओव्हीच्या रकान्यात ठिकाण असते. इथे ते डेन्व्हरच्या दिशादर्शक केंद्रापासून ९० अंशांच्या रेषेवर, म्हणजे पूर्वेला, ३० सागरी मैलांवर आहे. वेळ १५ वाजून २० मिनिटे, पण ती जागतिक प्रमाणवेळेनुसार. हिवाळ्यात डेन्व्हरमध्ये तेव्हा सकाळचे ८ वाजून २० मिनिटे झालेली असतात आणि भारतात रात्रीचे ८ वाजून ५० मिनिटे. एफएल १२० म्हणजे १२,००० फूट. विमान सेसना १८२. ढग ८,००० फुटांवर सुरू होऊन ११,००० फुटांवर संपतात. तापमान उणे १० अंश सेल्सिअस, हादरे हलके, आणि ९,००० ते ११,००० फुटांदरम्यान राइम प्रकारचे, म्हणजे दुधी, खरबरीत बर्फ हलक्या प्रमाणात.

या एका ओळीतून किती निष्पन्न होते पाहा. बर्फ काढण्याची सोय नसलेल्या लहान विमानाला बर्फ धरणाऱ्या ढगातून जाणे वर्ज्य. ११,००० फुटांच्या वर आकाश मोकळे आहे, पण तिथे पोचायला ३,००० फूट जाडीचा ढग भेदावा लागेल आणि त्यातल्या वरच्या २,००० फुटांत बर्फ धरते. तळाखालून जायचे तर डेन्व्हर विमानतळाची जमीनच समुद्रसपाटीपासून ५,४०० फुटांहून उंच, तेव्हा हाती उरते सुमारे अडीच हजार फुटांची पोकळी. इथे नवख्या वैमानिकाची हमखास गल्लत होते. पायरेपमधील ढगांची उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, तर मेटारमधील त्या विमानतळाच्या जमिनीपासून. डेन्व्हरच्या मेटारमध्ये हाच तळ २,५०० किंवा २,६०० फूट असा दिसेल. किनाऱ्यावरच्या विमानतळावर हा फरक नगण्य असतो. पठारावर आणि डोंगराळ मुलखात तो विसरणे जिवावर बेतू शकते.

हादऱ्यांच्या चार पायऱ्या ठरलेल्या आहेत. हलक्या हादऱ्यात पट्ट्याचा किंचित ताण जाणवतो. मध्यम हादऱ्यात सुट्या वस्तू जागच्या हलतात आणि चालणे अवघड होते, तरी विमान ताब्यात असते. तीव्र हादऱ्यात ते क्षणभर ताब्याबाहेर जाऊ शकते. चौथ्या, अतितीव्र पायरीवर ते सावरणे जवळजवळ अशक्य होते. बर्फाच्याही अशाच पायऱ्या आहेत : जेमतेम जाणवणारे, हलके, मध्यम आणि तीव्र. तीव्र म्हणजे बर्फ काढणारी यंत्रणाही पुरी पडत नाही आणि तिथून ताबडतोब बाहेर पडावे लागते. तीव्र किंवा अतितीव्र हादरे, तीव्र बर्फ, गारा, चक्रीवावटळ, जमिनीलगत वाऱ्याचा अचानक पालट आणि ज्वालामुखीची राख यांपैकी काहीही आढळले तर अहवालाच्या सुरुवातीला यूएऐवजी यूयूए लिहितात. तो तातडीचा अहवाल होतो आणि इतरांच्या आधी पुढे धाडला जातो.

विमान हवामान केंद्राच्या नकाशावर हे अहवाल चिन्हांच्या रूपात दिसतात. हादऱ्यांसाठी वर टोक असलेली खूण, बर्फासाठी वेगळी, आणि तीव्रता वाढेल तशी खूण बदलते. चिन्हावर बोट ठेवले की मूळ सांकेतिक ओळ उघडते. नकाशा पाहताना तीन चाळण्या लावाव्या लागतात : किती जुने अहवाल हवेत, कोणत्या उंचीच्या पट्ट्यातले हवेत, आणि हादरे हवेत की बर्फ. ६,००० फुटांवरून जाणाऱ्याने ३५,००० फुटांवरच्या जेट विमानांचे अहवाल गाळले नाहीत तर नकाशा गजबजून जातो आणि कामाचा अहवाल त्यात हरवतो. चिन्ह पाहून न थांबता मूळ ओळ वाचावी. शेरा लिहिण्याचा आरएम हा शेवटचा रकाना चिन्हात येत नाही, आणि पुष्कळदा सर्वांत मोलाची गोष्ट तिथेच असते. अमुक उंची सोडल्यावर हवा शांत झाली, किंवा उतरताना धावपट्टीच्या अलीकडे वेग एकाएकी घटला, असे काहीतरी.

अहवाल मिळवण्याची दुसरी वाट फ्लाइट सर्व्हिसची, म्हणजे वैमानिकांना माहिती पुरवणाऱ्या सेवेची. फोनवर किंवा तिच्या संकेतस्थळावर मार्ग दिला की त्या मार्गाची पूर्ण हवामान-माहिती एका ठरलेल्या क्रमाने मिळते : आधी धोक्याच्या सूचना, मग एकूण हवामानस्थिती, मग सध्याची परिस्थिती, त्यानंतर मार्गावरचा आणि मुक्कामाचा अंदाज, वरचे वारे आणि इतर सूचना. पायरेप यातल्या सध्याच्या परिस्थितीत येतात. फोरफ्लाइटसारखी टॅबलेटवरची साधने तेच अहवाल मार्गाच्या रेषेवरच मांडून दाखवतात. योग्य उपकरण बसवलेल्या विमानात ते जमिनीवरच्या केंद्रांकडून उड्डाणातही येत राहतात. स्रोत मात्र सगळीकडे एकच असतो, त्यामुळे नकाशावर जे नाही ते टॅबलेटवर सापडेल अशी अपेक्षा धरू नये.

शोधण्यापेक्षा वाचणे अवघड. अहवाल किती जुना आहे हे आधी पाहावे, कारण बर्फ धरणारा ढग तासाभरात विरू शकतो किंवा दुप्पट जाड होऊ शकतो. मग विमान कोणते होते ते पाहावे. सेसना १७२ ला तीव्र वाटणारा हादरा अवजड बोइंगला हलका वाटेल आणि बोइंगने कळवलेला मध्यम हादरा लहान विमानाने अत्यंत गांभीर्याने घ्यावा. बर्फाचेही तसेच. वेगाने वर चढून गेलेल्या जेटला जे जेमतेम जाणवले, त्यातच संथ विमान वीस मिनिटे अडकून पडू शकते. ठिकाणाबद्दलही सावध राहावे. वैमानिक आधी परिस्थितीतून बाहेर पडतो आणि मग बोलतो, त्यामुळे कळवलेली जागा आणि घडलेली जागा यांत काही मैलांचे अंतर पडलेले असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नकाशावर अहवाल नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. रात्री, विरळ वाहतुकीच्या प्रदेशात किंवा सगळ्यांनीच उड्डाण रद्द केले असेल अशा वाईट दिवशी अहवाल नसतातच. उलट हवा शांत असल्याचा, बर्फ न आढळल्याचा अहवालही तितकाच मोलाचा असतो, कारण अंदाजात सांगितलेला धोका त्या वेळी त्या जागी नव्हता हे त्यातून कळते. असे अहवाल फार थोडे वैमानिक देतात. ही या पद्धतीची खरी उणीव आहे.

एका अहवालाचा प्रवास असा असतो. वैमानिक रेडिओवरून हवाई वाहतूक नियंत्रकाला किंवा फ्लाइट सर्व्हिसला सांगतो, ऐकणारा माणूस ते टंकित करतो आणि मग ते सर्वांना दिसते. ढगांचा तळ ५,००० फूट किंवा त्याखाली असेल, दृश्यता ५ मैल किंवा कमी असेल, गडगडाटी ढग, मध्यम हादरे किंवा बर्फ असेल, तर नियंत्रकाने स्वतःहून असे अहवाल मागावेत असा अमेरिकेत नियम आहे. प्रत्यक्षात नियंत्रक गर्दीत असतो, आणि ऐकलेली खबर कधी त्याच्या कक्षाबाहेर जातच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जून २०१६ मध्ये याच विषयावर परिषद घेतली आणि मार्च २०१७ मध्ये विशेष अहवाल काढला. पायरेप कमी दिले जातात, दिलेले उशिरा पोचतात, काही चुकीचे नोंदले जातात आणि काही वाटेतच गळतात, असे त्यात दाखवून दिले आहे. विमान हवामान केंद्राच्या संकेतस्थळावर नोंदणी केलेल्या वापरकर्त्याला आता स्वतः पायरेप भरता येतो. उतरल्यावर पाच मिनिटे काढून तो भरणे हे प्रत्येक वैमानिकाचे कर्तव्य मानायला हवे, कारण त्याने उड्डाणापूर्वी वाचलेला अहवालही कोणीतरी असाच वेळ काढून दिलेला असतो.

माणसाच्या जिभेवर विसंबणे टाळण्यासाठी यंत्रेही कामाला लावली गेली आहेत. जागतिक हवामान संघटनेच्या अमदार व्यवस्थेत प्रवासी विमाने तापमान आणि वारा आपोआप कळवतात. हादऱ्यांसाठी ‘ईडीआर’ नावाचे माप वापरतात. हवेतली खळबळ किती वेगाने विरते आहे यावरून ते काढतात, त्यामुळे विमान लहान की मोठे हा प्रश्न उरत नाही. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या ‘टर्ब्युलन्स अवेअर’ व्यवस्थेत सहभागी एअरलाइन्स ही मापे एकमेकींना पुरवतात. लहान विमानाच्या वैमानिकाला ती सहसा उपलब्ध नसतात, आणि बर्फ किंवा ढगाचा माथा यांविषयी ती काही सांगत नाहीत.

अमेरिकेबाहेर हीच खबर एअर-रिपोर्ट या नावाने, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार दिली जाते. मध्यम किंवा तीव्र हादरे, बर्फ, गडगडाटी ढग, धुळीचे वादळ किंवा ज्वालामुखीची राख आढळल्यास वैमानिकाने विशेष अहवाल द्यायचा असतो. राखेच्या बाबतीत हे किती आवश्यक आहे ते २४ जून १९८२ च्या रात्री जगाला कळले. ब्रिटिश एअरवेजचे ९ क्रमांकाचे विमान लंडनहून मुंबई, क्वालालंपूरमार्गे ऑस्ट्रेलियाकडे निघाले होते. जावाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरल्यावर त्याची चारही इंजिने बंद पडली. कोरडी राख विमानाच्या रडारवर उमटली नव्हती. राखेबाहेर उतरल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्ताला सुखरूप पोचले. पुढे राखेवर नजर ठेवण्यासाठी जगभर नऊ सल्ला केंद्रे उभी राहिली आणि वैमानिकाचा अहवाल हा त्यांचा एक आधार झाला.

भारतात विशेष अहवाल नियंत्रकाकडून भारतीय हवामान विभागाच्या निरीक्षण कार्यालयाकडे जातो. अशी कार्यालये मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथे आहेत. मुंबईच्या कक्षेत महाराष्ट्र, गुजरात आणि अरबी समुद्राचा मोठा पट्टा येतो. आवश्यकता असेल तर त्या अहवालाच्या आधारे सिग्मेट, म्हणजे त्या हवाई क्षेत्रातील सर्वांसाठी धोक्याची सूचना काढली जाते. १ मे २०२२ च्या संध्याकाळी मुंबईहून दुर्गापूरला निघालेल्या प्रवासी विमानाला उतरताना तीव्र हादरे बसले आणि अनेक प्रवासी जखमी झाले. पूर्व भारतात तो कालबैशाखीच्या वादळांचा मोसम असतो. अशा दिवशी पुढे गेलेल्या विमानाची एक ओळ मागच्यासाठी किती मोलाची, हे वेगळे सांगायला नको.

गोंदिया किंवा बारामतीला उड्डाण शिकणाऱ्यासाठी हवामान विभागाची ऑनलाइन ब्रीफिंग व्यवस्था हे अधिकृत ठिकाण आहे. तिथे मेटार, टाफ म्हणजे विमानतळाचा हवामान-अंदाज, सिग्मेट आणि वरच्या वाऱ्यांचे नकाशे मिळतात. अमेरिकी केंद्राच्या संकेतस्थळावरही भारतीय विमानतळांचे मेटार दिसतात, तसेच महासागरांवरून जाणाऱ्या विमानांचे एअर-रिपोर्टही. पण भारतातील उड्डाणासाठी आधार धरायचा तो भारतीय विभागाचाच. अहवाल न सापडल्यास विमानतळावरील हवामान कार्यालयात किंवा नियंत्रकाला थेट विचारता येते : या वाटेने नुकतेच कोणी गेले का, आणि ते काय म्हणाले?