गुप्तहेर शेवटी का थकतो?

आमच्या घरात रहस्यमालिका म्हणजे ‘सीआयडी’. सोनी वाहिनीवर ती १९९८ साली सुरू झाली, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. आमचे अण्णा बाजार समितीत हमाली करतात. संध्याकाळी हातपाय धुऊन ते दूरदर्शन संचासमोर बसत आणि शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न बोटे फिरवून विचार करू लागला की स्वतःही मान डोलवीत. दीड हजारांहून अधिक भाग झाल्यावर २०१८ च्या ऑक्टोबरात ही मालिका थांबली. ‘‘चांगलं चाललं व्हतं की! बंद कशापायी केलं?’’ अण्णांनी विचारले. मी तेव्हा शाळेत होते. मला उत्तर देता आले नाही. पुढे २०२४ च्या डिसेंबरात मालिका पुन्हा सुरू झाली. अण्णा आनंदाने बसले, पण चार-पाच भागांनंतर म्हणाले, ‘‘ती मज्जा न्हाई राहिली. तू कालिजात जातीस, तर सांग बरं, असं का हुतं?’’

वाचकहो, आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे जगातील कोणताही प्रश्न असो, उत्तर मला यायलाच हवे असा घरच्यांचा समज आहे. तेव्हा मी या प्रश्नाच्या मागे लागले. इंग्रजी सुधारावे म्हणून मोबाईलवर काही परदेशी रहस्यमालिका, खाली उमटणारी अक्षरे वाचत वाचत, मी पाहिल्याच होत्या. त्यांतून जे उमगले ते येथे मांडते.

प्रथम मूळ अडचण पाहू. रहस्यकथा वाचकाला एक वचन देते: प्रश्नाचे उत्तर मिळेल आणि गोष्ट संपेल. मालिका याच्या अगदी उलट वचन देते: गोष्ट संपणार नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा या. एकाच गाडीला दोन दिशांनी बैल जुंपावेत तशी ही स्थिती. सुरुवातीला गाडी चालते, कारण प्रत्येक भागात नवा गुन्हा आणि नवे उत्तर असते. पण वर्षे लोटली की ओढाताण दिसू लागते.

पहिले कारण शिध्याचे. सर आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सच्या ५६ लघुकथा आणि ४ कादंबऱ्या लिहिल्या, एकूण ६०. खुद्द डॉयल होम्सला कंटाळले होते. १८९३ साली त्यांनी त्याला धबधब्यात लोटून मारलेही. पण वाचकांनी पिच्छा सोडला नाही आणि काही वर्षांनी त्याला परत आणावे लागले. १९२७ सालच्या शेवटच्या संग्रहातील कथांना पूर्वीची धार नाही, असे होम्सचे पुष्कळ चाहतेच म्हणतात. इंग्लंडच्या ग्रॅनडा कंपनीने १९८४ साली या कथांवर मालिका सुरू केली आणि जेरेमी ब्रेट यांनी होम्स साकारला. साहजिकच उत्तम कथा आधी घेतल्या गेल्या. आंब्याच्या आढीतून पिकलेली फळे आपण आधी काढतो आणि शेवटी सुरकुतलेली उरतात, तसेच झाले. त्यातच १९९२-९३ मध्ये एक तासाऐवजी दोन तासांचे भाग काढण्याचे ठरले. वीस-पंचवीस पानांची कथा दोन तास ताणायची म्हणजे पाणी घालणे आलेच. एका भागात तर केवळ तर्काने चालणाऱ्या होम्सला भयंकर स्वप्ने पडू लागली! डॉयलच्या मूळ कथेत त्यांचा मागमूस नाही.

दुसरे कारण गुप्तहेराच्या घरात डोकावण्याचे. चांगल्या रहस्यकथेत गुप्तहेर फारसा बदलत नाही. बदलतात ते गुन्हे. पण मालिका लांबली की लेखकाला काहीतरी वाढते, बदलते दाखवावेसे वाटते आणि हाताशी असतो तो एकटा गुप्तहेर. मग त्याचे लग्न, त्याचे जुने वैरी, त्याचे हरवलेले नातलग पुढे येतात. बीबीसीची ‘शेरलॉक’ मालिका (२०१० ते २०१७) याचे ठळक उदाहरण. एकंदर १३ भाग. सुरुवातीच्या भागांत बाहेरचा माणूस अडचण घेऊन दारात येतो आणि शेरलॉक त्याच्या बुटावरून, बोटांवरून त्याची हकीकत सांगतो. प्रेक्षकही मनातल्या मनात शोध घेऊ लागतो. शेवटच्या पर्वात मात्र डॉयलच्या कथांत कोठेही नसलेली एक बहीण शेरलॉकला आणली गेली. बेटावरच्या तुरुंगातून ती भावांनाच कोडी घालते. सारे रहस्य एका कुटुंबात शिरले. दारात येणारा गरजू माणूस मागे पडला आणि त्याच्याबरोबर आपणही बाहेर राहिलो, असे मला वाटले. याउलट अमेरिकेच्या ‘कोलंबो’ मालिकेतला पोलीस अधिकारी सतत बायकोचे नाव घेतो, पण ती पडद्यावर कधीच दिसत नाही. लेखकांनी ते दार बंदच ठेवले.

तिसरे कारण लांबवलेल्या प्रश्नाचे. ‘ट्विन पीक्स’ ही अमेरिकन मालिका १९९० साली सुरू झाली ती एकाच प्रश्नावर: लॉरा पामर या मुलीचा खून कोणी केला? निर्माते डेव्हिड लिंच यांची उत्तर देण्याची इच्छा नव्हती. वाहिनी मात्र उत्तरासाठी आग्रह धरून बसली. १९९० च्याच नोव्हेंबरात खुनी उघड झाला आणि मग पुढचे भाग पाहायचे कशासाठी, असे प्रेक्षकांना होऊन गेले. १९९१ च्या जूनमध्ये मालिका बंद पडली. उत्तर लवकर दिले तर मालिका संपते, दिले नाही तर प्रेक्षक चिडतो. अशा वेळी लेखकाने करावे तरी काय? इकडे आड, तिकडे विहीर!

आता अण्णांच्या मूळ प्रश्नाकडे येते. चांगले चाललेले बंद का करतात? माझ्या अल्पमतीप्रमाणे त्याचे उत्तर असे की, चांगले चाललेले सहसा कोणी बंद करीतच नाही. प्रेक्षक आहेत तोवर जाहिराती आहेत आणि जाहिराती आहेत तोवर मालिका आहे. प्रेक्षक घटले की ती थांबते. म्हणजे एखादे पर्व शेवटचे असते म्हणून वाईट होते असे नव्हे. पुष्कळदा ते वाईट होते म्हणूनच शेवटचे ठरते. शिवाय अमेरिकेत पुढच्या वर्षाचा निर्णय बहुधा वर्षावर्षाने होत आला आहे. आपण लिहितो आहोत ते शेवटचे पर्व आहे की नाही, हे लेखकालाच ठाऊक नसते. मग तो शेवट बांधणार कसा?

चौथे कारण मला पुस्तकातून नव्हे, अण्णांकडून कळले. एका रात्री मी ग्रॅनडाच्या मालिकेतील १९९४ सालचा एक भाग पाहत होते. त्यात होम्स मरणाला टेकल्याचे सोंग करतो आणि खुन्याला जाळ्यात पकडतो. अण्णा शेजारी येऊन बसले. त्यांना इंग्रजी येत नाही. मी सांगितले, ‘‘अण्णा, तो आजारी नाही, सोंग करतोय.’’ अण्णा थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘न्हाई गं. ह्यो मानूस खरंच आजारी हाय. श्वास बघ त्याचा.’’

मी नंतर शोध घेतला. अण्णा बरोबर होते. उन्माद आणि खिन्नता आळीपाळीने येणाऱ्या मानसिक विकाराने जेरेमी ब्रेट यांना ग्रासले होते. त्यावरच्या औषधांनी अंग सुजे आणि हृदयही दुबळे झाले होते. त्याच पर्वातील एका भागाच्या वेळी त्यांची प्रकृती इतकी बिघडली, की तपासाचे काम होम्सचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट याच्यावर सोपवून कथा फिरवावी लागली. पुढच्याच वर्षी, १९९५ च्या सप्टेंबरात, वयाच्या ६१ व्या वर्षी ब्रेट वारले. मी मात्र ‘या पर्वात होम्स जाड दिसतो, पूर्वीची चपळाई नाही’ अशी टीका वहीत लिहून ठेवली होती. ती ओळ खोडताना मला लाज वाटली. गुप्तहेर कागदावर म्हातारा होत नाही. पण दहा वर्षे मालिका चालली म्हणजे कोणाचे तरी शरीर दहा वर्षे राबलेले असते. ओझे वाहणाऱ्या अण्णांना ते दिसले. मला दिसले नव्हते.

मग प्रत्येक मालिकेचा शेवट असा केविलवाणाच व्हायचा का? तसे नाही. डेव्हिड सुशे यांनी १९८९ ते २०१३ अशी जवळजवळ पंचवीस वर्षे, ७० भागांत, हर्क्यूल प्वारो साकारला आणि शेवटचा भाग अनेकांना उत्तमांपैकी एक वाटतो. याचे श्रेय अगाथा ख्रिस्ती यांनाही जाते. प्वारोची अखेरची कथा त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवली होती. ती प्रसिद्ध झाली १९७५ साली. शेवट आधीच तयार होता. त्यात प्वारो वृद्ध आहे, चाकांच्या खुर्चीत बसलेला आहे, हृदयाने खचलेला आहे. थकवा लपवण्याऐवजी तोच कथेचा विषय केला आहे. म्हणून तो खोटा वाटत नाही.

तात्पर्य, शेवट बिघडतो तो शेवट असतो म्हणून नव्हे. कोठे थांबायचे हे कोणी ठरवलेले नसते, आणि ठरवणारे बहुधा कथा लिहिणारे नसतातच.

हे सारे मी अण्णांना जमेल तसे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘‘त्यो प्वारो म्हातारा झालेला खराखुरा दाखवलाय म्हणतीस?’’

‘‘हो.’’

‘‘मंग रविवारी लाव. माझी सुट्टी हाय.’’