सव्वातीन एकरांचं गणित

फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत इथे ब्रिटनच्या सुपरमार्केटमध्ये जी बिनबियांची द्राक्षं मिळतात, त्यातली बरीचशी भारतातून, आणि तीही मुख्यतः नाशिक जिल्ह्यातून आलेली असतात. ती पिकवणारा बहुधा कोणी मोठा जमीनदार नसतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर जमीन आहे. एवढ्याशा शेतातला माल सातासमुद्रापार पोचतो कसा? सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाने आणि निवडणुका आठवतात. पण शेतात त्याचा नेमका उपयोग काय होतो, ते या द्राक्षांवरून छान समजतं.

छोट्या शेतकऱ्याला पिकवता येत नाही असं मुळीच नाही. अडचण अशी की लागणाऱ्या गोष्टी त्याच्या मापात मिळत नाहीत. जहाजाच्या एका कंटेनरला बारा-तेरा टन द्राक्षं लागतात. एवढा एकसारखा, निर्यातीच्या दर्जाचा माल एकट्याच्या दोन एकरांत एकाच दिवशी तयार नसतो. तोडलेली द्राक्षं काही तासांतच थंड करावी लागतात, नाहीतर देठ सुकतात. त्यासाठी प्रीकूलिंग आणि शीतगृह हवं. ते एकट्याने बांधायचं म्हटलं तर जमीनच विकावी लागेल! पण शंभर जणांत तोच खर्च पेलतो. १९९१ साली राज्यातल्या द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था 'महाग्रेप्स'मध्ये एकत्र आल्या, त्या याच कारणासाठी.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो बागेतला बदल. एकटा शेतकरी साहजिकच वजनाकडे बघतो, कारण व्यापारी वजनावर पैसे देतो. निर्यातीला मात्र मोठा, एकसारखा मणी लागतो. त्यासाठी वेलीवर घड मोजून ठेवायचे, मण्यांची विरळणी करायची. एकरी टन थोडे कमी भरतात, पण भाव चांगला मिळतो. हा धोका माणूस तेव्हाच पत्करतो, जेव्हा माल घेणारी संस्था त्याची स्वतःची असते. शिवाय गटात ऑक्टोबर छाटणीच्या तारखा मागेपुढे ठेवता येतात, म्हणजे सगळ्यांचा माल एकदम येत नाही.

२०१० साली काय झालं पाहा. युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडे निर्यातीआधीच्या तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हतंच! माल नाकारला गेला, बागायतदारांचं जबर नुकसान झालं. असा नियम परदेशात बदलला तर ते एकट्या शेतकऱ्याला कळणार कुठून? गटाकडे पगारी तज्ज्ञ असेल, तर सगळ्यांचं फवारणीचं वेळापत्रक वेळेत बदलता येतं.

याच सुमारास दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सह्याद्री' ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली. कायद्याने ती सहकारी संस्था नाही, कंपनी आहे. पण २००३ पासून लागू असलेल्या या प्रकारात सभासद शेतकरीच असतात, आणि शेअर कितीही असोत, मत एकच. आज हजारो शेतकरी तिच्याशी जोडलेले आहेत.

अर्थात सहकार म्हणजे जादूची कांडी नव्हे. गारपीट तो थांबवू शकत नाही. द्राक्षाला पाणी आणि भांडवल लागतं, त्यामुळे कोरडवाहू कापूस-सोयाबीनवाल्याला हा नमुना जसाच्या तसा चालत नाही. बाहेर दोन रुपये जास्त मिळाले की सभासद व्यापाऱ्याकडे वळतात आणि संस्थेची यंत्रं रिकामी पडतात. हिशोब उघडे नसतील तर विश्वास उडतो, आणि विश्वास उडाला की संस्था बुडायला वेळ लागत नाही.

म्हणून देणगी देताना आपण एवढंच विचारावं: पैसे कशावर खर्च होणार? एकेका शेतकऱ्याला बियाण्याची पिशवी दिली तर ती एका हंगामात संपते. तेच पैसे गटाच्या गोदामावर, माती-पाणी तपासणीवर, किंवा हिशोब नीट ठेवणाऱ्या एका माणसाच्या पहिल्या दोन वर्षांच्या पगारावर खर्च झाले, तर शंभर घरांना उपयोग होतो. पगाराला देणगी देणं आपल्याला जरा रुक्ष वाटतं, फोटोही काढता येत नाही. पण गट टिकतो तो बहुतेक वेळा त्या एका माणसामुळेच.