काळ्या मातीवरील घरबांधणी (नागपूर)
प्रताप नगरसह नागपूरच्या पश्चिम भागात बेसाल्ट खडकाच्या झिजेतून मुरूम व काळी माती तयार झाली आहे. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पावसाळ्यात पाणी शोषून फुगते. उन्हाळ्यात माती आकसून भेगाळते. ही हालचाल सर्वत्र सारखी नसल्याने भिंतींना तिरप्या चिरा पडतात. जड इमारतीपेक्षा हलक्या, एकमजली घराला हा धोका अधिक असतो. म्हणून प्रथम चाचणी खड्डा घेऊन मुरूम किती खोल आहे ते पाहतात आणि पाया तेथपर्यंत नेतात. पायासाठी खोदलेली काळी माती जोत्यात भरल्यास मुरमाचा खर्च वाचतो खरा, परंतु पुढे तीच फुगून फरशी उचलते. घराभोवती बाहेरच्या बाजूस उतार असलेली फरसबंदी केल्यास छताचे पाणी पायाशी मुरत नाही.