नवख्याचा डाव आणि टेबलाची शिस्त

वर्धा जिल्ह्यातल्या आंजी (मोठी) सारख्या गावात दिवाळीच्या तीन पत्तीवर ज्याचा हात बसला, त्याला पोकरच्या टेबलावर पत्ते ओळखीचे वाटतात, शिस्त मात्र परकी. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. 1976 सालचा, कधीच अमलात न आलेला कॅसिनो कायदाही 2023 मध्ये रद्द झाला. गोव्यात मात्र जुगार कायद्यात 1992 आणि 1996 साली दुरुस्त्या झाल्या आणि पुढे मांडवीतल्या जहाजांवर टेबलं लागली. तिथं पत्ते वाटतो तो डीलर, वाद मिटवतो तो फ्लोअर.

नवखा बहुधा चिप्स टाकतानाच चुकतो. घरच्या डावात आपण शंभर टाकतो, समोरच्याकडे बघतो, मग आणखी दोनशे सरकवतो. पोकरमध्ये ते दोनशे परत येतात. पहिल्या शंभरावर समोरच्याचा चेहरा वाचून रक्कम वाढवायला मिळाली, तर तो उघड फायदा झाला. सिनेमातलं ‘तुझे शंभर, वर माझे पाचशे’ हेही चालत नाही. पहिल्या दोन शब्दांतच तो कॉल, म्हणजे समोरच्याइतकीच रक्कम लावणं, ठरतो. पूर्ण रक्कम आधी तोंडानं सांगितली, तर चिप्स सावकाश मोजून टाकल्या तरी हरकत नसते.

दुसरा घोळ एकट्या मोठ्या चिपचा. समोर शंभर लागलेत आणि नवखा न बोलता पाचशेची चिप टाकतो. त्याला डाव वाढवायचा असतो, पण टेबल शंभरच धरतं आणि चारशे परत करतं. सुट्टे नसले तरी माणूस मोठी चिप टाकतोच. मनातलं कुणाला दिसणार? म्हणून नियमानं एकच अर्थ ठरवून ठेवलाय.

इथं डीलरचा कस लागतो. नवखा आहे म्हणून पाचशे मान्य केले, तर उद्या कसलेला खेळाडूही ‘मला माहीत नव्हतं’ म्हणेल. डावातला निर्णय सगळ्यांना एकच हवा. सवलत द्यायची ती शिक्षेत आणि बोलण्याच्या सुरात. हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण चारचौघांत खडसावलेला माणूस नियम शिकत नाही, नुसता दबून बसतो.

2001 साली स्थापन झालेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचा पहिलाच नियम सांगतो, की अपवादात्मक प्रसंगी न्याय तांत्रिक नियमाच्या वर राहील. समजा, डीलरनंच समोरची रक्कम भलतीच कमी सांगितली आणि नवख्यानं त्या भरवशावर कॉल केला. एरवी रक्कम पाहणं ही खेळाडूचीच जबाबदारी. पण अशा वेळी फ्लोअरला विचार करायला जागा उरते.

पाळी नसताना कुणी ‘कॉल’ म्हणालं, तर डीलर आधी ज्याची पाळी आहे त्याला खेळू देतो. त्यानं पत्ते टाकले किंवा तोही कॉलच म्हणाला, तर नवख्याचा शब्द कायम. त्यानं रक्कम वाढवली, तर नवख्याला पुन्हा निवड मिळते.

सगळ्यात नाजूक प्रसंग गावच्या दोन मित्रांचा. एक पत्ते दाखवून विचारतो, ‘का करू बे आता?’ त्यात कपट नसतं. घरी असंच खेळतात. पण एका हाताला एकच खेळाडू, हा नियम इथं ढळत नाही. शिवाय टेबलाची ठरलेली भाषा सोडून मराठीत कुजबुज झाली, की बाकीच्यांना संगनमताचा संशय येणारच. डीलरनं तिथंच थांबवावं, डाव संपल्यावर कारण समजावून सांगावं. पुन्हा झालं तर ताकीद, त्यानंतर काही डाव बाहेर. बसतानाच दोघांना वेगळी टेबलं दिली, तर बहुतेक वेळा इतकी पाळीच येत नाही.