मुलांच्या अपस्माराची तीव्रता कशी ठरते?

अपस्मार (मेंदूतील विद्युत्संदेशांत अचानक गोंधळ होऊन पुन्हापुन्हा झटके येण्याचा आजार) आपल्याकडे फिट किंवा फेफरे म्हणून ओळखला जातो. झटके जितके जास्त तितका आजार गंभीर, हा समज स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे.

सावंतवाडीतला माणूस पावसाचा जोर नुसते पावसाळी दिवस मोजून सांगत नाही. आंबोली घाटात दरड कोसळली का, माड-पोफळी मोडल्या का, वीज किती वेळ गेली, हेही तो पाहतो. अपस्माराचेही तसेच आहे. झटक्यांची संख्या आणि जोर, पडून होणारी इजा, नंतरची ग्लानी, औषधांचे प्रमाण, त्यांचे दुष्परिणाम आणि शाळा-खेळात येणारा अडथळा, हे सारे एकत्र तोलले जाते. कॅनडात तयार झालेल्या ‘गेस’ मापनश्रेणीत (तीव्रता नोंदवण्याची पट्टी) डॉक्टर या सगळ्याचा विचार करून 7 पायऱ्यांपैकी एक निवडतात.

म्हणून पालकांनी झटक्याची तारीख, वेळ, कालावधी आणि नंतरची अवस्था वहीत टिपावी. तीच नोंद डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडते. मात्र झटका 5 मिनिटांहून अधिक टिकला, तर मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे.