रस्त्यात गव्यांचा कळप भेटला तर?

कराडला लागून असलेले मलकापूर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पुण्याहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर येथे एक फाटा फुटतो. त्याला ढेबेवाडी फाटा म्हणतात. या फाट्यावरून पश्चिमेकडे निघाले, की उसाचे मळे हळूहळू मागे पडतात आणि सह्याद्रीचे डोंगर जवळ येऊ लागतात. या डोंगरांत चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याच्या उत्तरेला कोयनेचे अभयारण्य आहे. या दोन्ही जंगलांचा मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आणखी दक्षिणेला, कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरीचे अभयारण्य आहे. १९५८ मध्ये दाजीपूर येथे गव्यांसाठी म्हणून जे जंगल राखले गेले, तेच हे.

समजा, तुम्ही या भागातल्या एखाद्या जंगलातल्या रस्त्याने जीपमधून चालला आहात. दिवस मावळतो आहे. वळण संपते आणि ड्रायव्हरकाका एकदम ब्रेक दाबतात. समोर रस्त्यावर काहीतरी काळे, भिंतीसारखे आडवे उभे आहे. नीट पाहिल्यावर तिला शिंगे दिसतात, पांढरे पाय दिसतात. एक नाही, सहा-सात गवे!

आता काय करावे? हॉर्न वाजवावा काय? बाजूने जीप काढावी काय? की खाली उतरून फोटो काढावा? यांपैकी काहीही करायचे नाही, हे तुम्हांला कोणीही सांगेल. पण का करायचे नाही? ते समजण्यासाठी आधी या प्राण्याची ओळख करून घेतली पाहिजे.

रेडा नव्हे, बायसनही नव्हे

गव्याला आपल्याकडे गवारेडा असेही म्हणतात. हे नाव थोडे फसवे आहे. म्हैस आणि रेडा यांचे कूळ वेगळे. गवा मात्र आपल्या गाई-बैलांच्या कुळातला आहे. शास्त्रज्ञ त्याला 'बॉस गौरस' म्हणतात आणि गाईच्या शास्त्रीय नावाची सुरुवातही 'बॉस' अशीच होते. इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला 'इंडियन बायसन' हे नाव दिले. अमेरिकेतला बायसन अंगावर दाट लोकर असलेला, कुरणात राहणारा प्राणी आहे. आपला गवा गुळगुळीत अंगाचा आणि डोंगरी जंगलात राहणारा आहे.

गव्याचे आणि गुरांचे नाते नुसते पुस्तकातले नाही. ईशान्य भारतातले लोक मिथुन नावाचे जनावर पाळतात. त्याचा पूर्वज गवाच, असे मानले जाते. हे नाते गव्याला महागही पडले आहे. १९६८ च्या सुमारास दक्षिणेत बंदीपूर-मुदुमलाईच्या जंगलांत बुळकांडी हा गुरांचा रोग शिरला आणि गवे मोठ्या संख्येने मेले. २०११ मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. तरी गुरांचे इतर रोग आहेतच.

गव्याचा मोठा नर खांद्याशी पावणेदोन मीटरपेक्षा उंच असतो. म्हणजे बहुतेक मोठ्या माणसांना त्याच्या पाठीपलीकडचे दिसणार नाही. त्याचे वजन नऊशे-हजार किलोपर्यंत भरते. एखाद्या लहान मोटारीचे वजन सातशे-आठशे किलो असते, यावरून कल्पना करा. मादी त्याहून लहान असते. शिंगे मात्र नर आणि मादी दोघांनाही असतात. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत जो उंचवटा दिसतो, तो बैलाच्या वशिंडासारखा नुसता मांसाचा नसतो. पाठीच्या कण्यातील मणक्यांची वरची टोके तेथे फार लांब वाढलेली असतात आणि मान व खांद्याचे दणकट स्नायू त्यांना जोडलेले असतात. या बांध्यामुळेच गव्याच्या धडकेत एवढा जोर असतो.

गवे रस्त्यावर येतात कशाला?

गवा गाईसारखाच रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पोटाला चार कप्पे असतात. गवत, पाने, बांबूचे कोंब तो भराभर खाऊन पहिल्या मोठ्या कप्प्यात भरतो. तेथील सूक्ष्मजीव चाऱ्यातला चिवट भाग कुजवून मऊ करतात. मग निवांत बसून तो चारा पुन्हा तोंडात आणून चघळतो. त्यामुळे गव्याचा दिवसही ठरल्यासारखा असतो. सकाळी आणि संध्याकाळी चरायचे, उन्हाच्या वेळी झाडीत बसून रवंथ करायचे.

दाट जंगलात झाडांखाली ऊन पोचत नाही, म्हणून तेथे गवत कमी उगवते. रस्ता करताना झाडे तोडलेली असतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना ऊन मिळते आणि कोवळे गवत वाढते. शिवाय एका बाजूला कुरण आणि दुसऱ्या बाजूला पाणवठा असेल, तर रस्ता ओलांडल्यावाचून गव्याला गत्यंतर नसते. म्हणून जंगलातल्या रस्त्यावर गवे भेटण्याची वेळ बहुधा पहाटेची, सायंकाळची किंवा रात्रीची असते. आणि नेमकी हीच वेळ ड्रायव्हरला कमी दिसण्याची!

येथे एक अडचण आणखी आहे. नर गव्याचा रंग वयाबरोबर जवळजवळ काळा होतो. काळा पृष्ठभाग प्रकाश शोषून घेतो, परत फार थोडा पाठवतो. त्यामुळे मोटारीच्या दिव्यात गवा लवकर दिसत नाही. गव्याच्या डोळ्यांत आरशासारखा एक थर असतो. त्याने डोळे चमकतात खरे, पण गव्याचे तोंड आपल्याकडे असेल तरच. तो पाठमोरा असेल, तर दिसतात फक्त गुडघ्यांखालचे पांढरे पाय.

थोडे गणित करू

गवा दिसला आणि ब्रेक दाबला, की गाडी लगेच थांबते काय? नाही. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. तेवढ्या वेळात गाडी पहिल्याच वेगाने पुढे जाते. त्यानंतर ब्रेक लागतात आणि वेग कमी होत जातो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर दर सेकंदाला वेग सात मीटरने कमी होतो, असे धरू.

ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. पहिल्या सेकंदात ११ मीटर आणि ब्रेक लागल्यावर आणखी ९ मीटर, असे मिळून २० मीटर होतात. ताशी ६० किलोमीटर वेगाला हेच अंतर १७ आणि २० मिळून ३७ मीटर होते. ताशी ८० किलोमीटर वेगाला २२ आणि ३५ मिळून ५७ मीटर. पाहिलेत ना? वेग ४० वरून ८० केला, म्हणजे दुप्पट केला. पण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर ९ वरून ३५ मीटर, म्हणजे जवळजवळ चौपट झाले. कारण हे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

आता सह्याद्रीतला पावसाळा आठवा. रस्ता ओला आहे आणि ब्रेकची पकड निम्मी झाली आहे. मग ताशी ६० किलोमीटर वेगालाच ५७ मीटर लागतील. खाली वळवलेल्या दिव्यांचा प्रकाश एवढ्या लांब पोचत नाही. म्हणजे गवा दिसण्यापूर्वीच टक्कर ठरून गेलेली असते. जंगलातून जाताना 'गाडी हळू चालवा' अशी पाटी असते, तिच्यामागे हे गणित आहे.

गव्याचे अंतर

जीप वेळेवर थांबली, हे चांगले झाले. आता गव्याच्या बाजूने विचार करू. हायनी हेडिगर नावाच्या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने वन्य प्राण्यांच्या वागण्यातली एक गोष्ट दाखवून दिली. प्रत्येक प्राण्याभोवती जणू दोन अदृश्य वर्तुळे असतात. शत्रू मोठ्या वर्तुळाच्या आत आला, की प्राणी पळून जातो. परंतु पळायला वाट नसेल आणि शत्रू लहान वर्तुळाच्याही आत आला, तर तो उलटून चाल करतो. ही वर्तुळे मीटरमध्ये कायमची ठरलेली नसतात. वासरू बरोबर असेल, जखम झालेली असेल किंवा पूर्वी माणसाने त्रास दिला असेल, तर ती मोठी होतात.

कळपात माद्या, वासरे आणि तरुण नर असतात. बहुधा एखादी वयस्क मादी पुढे चालते आणि बाकीचे तिच्यामागून जातात. म्हणून एक गवा रस्ता ओलांडून गेला, म्हणजे रस्ता मोकळा झाला असे समजू नका. मागे झाडीत बाकीचा कळप उभा असू शकतो. अशा वेळी मध्येच गाडी घातली, तर आई एका बाजूला आणि वासरू दुसऱ्या बाजूला राहते. तुम्ही दोघांच्या मध्ये, म्हणजे नको त्या वर्तुळाच्या आत सापडता. हॉर्न वाजवला, तर कळप बिचकून उधळतो. कोणता गवा कोणीकडे धावेल, सांगता येत नाही.

कधी कधी मोठा नर तुमच्यासमोर आडवा, अंग फुगवून उभा राहतो. 'बघ, मी केवढा आहे', असे त्याचे ते सांगणे असते. त्याने जोराने फुरफुर केली, पाय आपटला किंवा डोके खाली घातले, तर तुम्ही फार जवळ आहात असे समजावे.

पुण्यात काय घडले?

९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी पुण्याच्या कोथरूड भागात एक गवा वाट चुकून आला. बातमी पसरली आणि बघ्यांची गर्दी जमली. गवा गल्ल्यांतून सैरावैरा धावू लागला. भिंती आणि फाटके यांमुळे त्याला बाहेर पडायला वाट मिळेना. काही तासांच्या पळापळीनंतर बेशुद्धीचे औषध देऊन त्याला पकडले, पण तो दगावला.

एवढा बलदंड प्राणी पळापळीने कसा दगावू शकतो, असे तुम्हांला वाटेल. त्यासाठी घरी एक प्रयोग करा. सारख्या आकाराचे दोन बटाटे आईकडून उकडून घ्या. एक अखंड ठेवा, दुसऱ्याचे आठ तुकडे करा. दहा मिनिटांनी हात लावून पाहा. तुकडे निवलेले असतील आणि अखंड बटाटा आतून गरमच असेल. मोठ्या वस्तूच्या वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग कमी असतो, म्हणून तिची उष्णता लवकर बाहेर पडत नाही. गव्याचेही तसेच आहे. धावताना स्नायूंत जी ऊर्जा खर्च होते, तिचा मोठा भाग उष्णतेत जातो. भीतीने सतत धावत राहिले, तर शरीर तापते, रक्तात आम्ल वाढते आणि स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. त्यांतून बाहेर पडलेली द्रव्ये मूत्रपिंड आणि हृदय यांना बाधतात. पाठलाग झालेले वन्य प्राणी पकडल्यावरही पुष्कळदा मरतात, त्यामागे हे एक कारण असते.

त्याच महिन्यात, २२ डिसेंबरला, पुण्याच्याच बावधन-पाषाण भागात दुसरा गवा आला. या वेळी लोकांना दूर ठेवण्यात आले. त्याला वाट मोकळी मिळाली आणि तो जंगलाच्या दिशेने परत गेला.

याच्या उलट बाजूही विसरू नका. डिसेंबर २०२१ मध्ये कोल्हापूरनजीक गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. अंतर राखणे हे गव्याइतकेच आपल्याही हिताचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गव्याला पहिल्या अनुसूचीत संरक्षण दिले आहे, हेही ध्यानात असू द्या.

आपण काय करावे?

आता आपल्या जीपकडे परत येऊ. कळपापासून पन्नास मीटर तरी अलीकडे थांबावे. दिवे खाली वळवावेत. हॉर्न वाजवू नये, ओरडू नये, खाली उतरू नये. शेवटचा गवा गेल्यावरही थोडा वेळ थांबावे आणि मग हळूहळू निघावे. मोटारसायकलवर असाल, तर लांबूनच थांबावे आणि सावकाश मागे फिरावे. पायी असाल, तर गव्याकडे लक्ष ठेवून हळूहळू मागे सरकावे. त्याची निघून जाण्याची वाट कधीही अडवू नये. गवा गावात शिरला, तर त्याच्यामागे धावू नये. मोठ्यांना सांगून वन खात्याला कळवावे.

पन्नास मीटर म्हणजे किती, याचा अंदाज डोळ्यांना हवा. उद्या शाळेच्या मैदानावर फीत घेऊन पन्नास मीटर मोजा. एका टोकाला मित्राला उभे करा आणि दुसऱ्या टोकाहून त्याच्याकडे पाहा. मग संधिप्रकाशात, त्याच्या अंगावर काळे कांबळे घालून पुन्हा पाहा. तो किती दिसतो, याची नोंद वहीत करा. पुढे कधी चांदोलीच्या किंवा दाजीपूरच्या रस्त्याने गेलात आणि काकांनी गाडीचा वेग वाढवला, तर ती नोंद त्यांना जरूर सांगा.