चेन्नईचा एक हंगाम आणि निव्वळ धावगती

संघाची पुनर्बांधणी बहुधा पराभवांच्या मालिकेनंतर सुरू होते. चेन्नई सुपर किंग्ज या संघाला मात्र ती विजेतेपदानंतर लगेचच हाती घ्यावी लागली. २०२३ मध्ये या संघाने इंडियन प्रीमिअर लीग ही स्पर्धा पाचव्यांदा जिंकली, तेव्हा त्याचा कर्णधार महेंद्रसिंह धोनी बेचाळिशीला टेकला होता. त्याच्यानंतर कोण, हा प्रश्न जुनाच होता. २०२२ मध्ये नेतृत्व रवींद्र जडेजाकडे सोपविण्याचा प्रयोग आठ सामन्यांतच आटोपता घ्यावा लागला होता. अखेर २१ मार्च २०२४ रोजी, म्हणजे नव्या हंगामाच्या पूर्वसंध्येला, पुण्याचा सत्तावीस वर्षांचा सलामीवीर ऋतुराज गायकवाड कर्णधार झाला. अजिंक्य रहाणे, शार्दूल ठाकूर आणि तुषार देशपांडे हेही त्याच संघात होते. तमिळ प्रेक्षकांच्या या लाडक्या संघात त्या वर्षी मराठी खेळाडूंचा भरणा लक्षात येण्याजोगा होता.

अडचणी आरंभापासूनच होत्या. आदल्या वर्षी ६७२ धावा करणारा डेव्हॉन कॉन्वे अंगठ्याच्या दुखापतीमुळे संपूर्ण हंगामाला मुकला. श्रीलंकेच्या मथीशा पथिरानाने सहा सामन्यांत १३ बळी घेतले आणि दुखापत होऊन तो मायदेशी परतला. मुस्तफिझुर रहमान नऊ सामन्यांत १४ बळी घेऊन बांगलादेशाच्या संघाकडे गेला. गोलंदाजीची घडी अशी ऐन उत्तरार्धात विस्कटली. कर्णधाराची स्वतःची फलंदाजी मात्र ढासळली नाही. ५८३ धावा करून तो स्पर्धेत विराट कोहलीच्या खालोखाल राहिला. चेपॉकच्या मैदानावर संघाने सातपैकी पाच सामने जिंकले, बाहेर मात्र सातपैकी दोनच. चेपॉकवरील दोन पराभवांपैकी २३ एप्रिलचा विशेष जिव्हारी लागणारा होता. त्या दिवशी गायकवाडने नाबाद १०८ धावा केल्या, संघाची धावसंख्या २१० झाली, आणि तरीही लखनौच्या मार्कस स्टॉइनिसने नाबाद १२४ धावा काढून सामना हिरावून नेला.

साखळी फेरीत प्रत्येक संघ चौदा सामने खेळतो आणि विजयाला दोन गुण मिळतात. पहिले चार संघ पुढील बाद फेरीत जातात. गुण समान झाले आणि विजयांची संख्याही सारखीच असली, तर निव्वळ धावगती पाहिली जाते. सर्व सामने मिळून संघाने एका षटकामागे सरासरी जितक्या धावा काढल्या, त्यांतून प्रतिपक्षाला एका षटकामागे दिलेल्या धावा वजा केल्या असता उरते ती निव्वळ धावगती होय. संघ मध्येच सर्वबाद झाला, तरी त्याची वीस षटके पुरी धरली जातात. या हिशेबात मार्चमधील धाव आणि मेमधील धाव यांचे मोल सारखेच असते, ही गोष्ट प्रेक्षक सहसा विसरतात.

१८ मे रोजी बंगळूर येथे शेवटचा सामना होता. प्रतिस्पर्धी रॉयल चॅलेंजर्स बंगळूरने पहिल्या आठ सामन्यांत एकच विजय मिळवून नंतर ओळीने पाच सामने जिंकले होते. चेन्नईचे १४ गुण होते, बंगळूरचे १२. चेन्नईची निव्वळ धावगती ०.५२८, तर बंगळूरची ०.३८७. बंगळूरने हा सामना जिंकला असता गुण समान होणार होते. अशा वेळी विजयाच्या अंतरातील प्रत्येक धाव दोनदा मोजली जाते, कारण ती एका संघाच्या धावगतीत भर घालते आणि दुसऱ्याची तितकीच घटविते. चौदा सामन्यांच्या सरासरीत ही तफावत बुजवायला बंगळूरला निदान अठरा धावांनी जिंकणे भाग होते. त्यांनी २१८ धावा केल्या. म्हणून चेन्नईला विजयासाठी २१९ धावा हव्या होत्या, परंतु बाद फेरीसाठी २०१ पुरेशा होत्या. सामना हरूनही पुढे जाता येईल, अशी ही विलक्षण स्थिती होती.

गायकवाड डावाच्या पहिल्याच चेंडूवर बाद झाला. रचिन रवींद्रच्या ६१ धावांनी डाव सावरला, आणि पुढे जडेजा व धोनी यांनी तो अखेरच्या षटकापर्यंत आणून ठेवला. धावसंख्या १८४ होती. सहा चेंडूंत सतरा धावा हव्या होत्या. यश दयालच्या पहिल्या चेंडूवर धोनीने उत्तुंग षटकार मारला. दुसऱ्यावर तो झेलबाद झाला. उरलेल्या चार चेंडूंत ठाकूरने काढलेली एकच धाव जमा झाली. शेवटचे दोन चेंडू जडेजाने खेळले आणि दोन्ही निर्धाव गेले. चेन्नईची धावसंख्या १९१ वर थांबली. पराभव सत्तावीस धावांचा होता, परंतु हुकल्या त्या दहाच. दोन्ही संघांचे गुण १४ झाले. निव्वळ धावगती बंगळूरची ०.४५९ आणि चेन्नईची ०.३९२ भरली. बंगळूर चौथ्या स्थानावर पोहोचले. चेन्नई पाचव्या स्थानी राहिली.